कॉम्प्युटर सुरू होतोय

गेल्या सप्टेंबरपर्यंत आमच्या घरी कॉम्प्युटर सुरू करण्याची एक ठरलेली रीत होती. सकाळी सातला बटण दाबायचं आणि अंघोळीला जायचं. अंघोळ, पूजा, पूजेला कमी पडलेलं एक फूल आणायला बाल्कनीत फेरी, एवढं उरकून यावं तर पडद्यावर ठिपके गोल फिरत असत. तोवर कुकरची दुसरी शिट्टी झालेली असे. वेळ आम्ही शिट्ट्यांवरच मोजायचो. तिसऱ्या शिट्टीला पासवर्ड विचारला जाई आणि वरण निवेपर्यंत माउस हलू लागे. एकदा घड्याळ लावून बघितलं होतं: ११ मिनिटं २० सेकंद.

हा कॉम्प्युटर आला २०१२च्या दसऱ्याला. मुलीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता, आणि दुकानातल्या पोराने असेंबल करून दिला: सेकंड जनरेशन आय ३, २ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज ७. सोबत एक प्रिंटर. "पाचशे जीबी, काका! आयुष्यभर भरणार नाही," पोरगा म्हणाला होता. डोंबिवलीतला आमचा वन बीएचके घेताना बिल्डरही साधारण असंच म्हणाला होता. बायकोने जुन्या पडद्याचं कापड काढून मॉनिटर, कॅबिनेट आणि प्रिंटर तिघांना टोपरी शिवली. मुलगी शिकली, नोकरी लागली, लग्न होऊन बंगलोरला गेली. टोपरी राहिली. पुढे २०१६ साली विंडोज १० फुकट मिळतंय असं कळलं. फुकट ते पौष्टिक या न्यायाने मी ते घेतलं, म्हणजे दोन मजली चाळीच्या पायावर टॉवर चढवला. चूक माझीच. टॉवरला बोल लावत नाही.

एरवी माझं काही अडलं नसतं. पण मी सोसायटीचा सेक्रेटरी आहे. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, त्याआधी चौदा दिवसांची नोटीस, त्यासोबत हिशेब, आणि हे सगळं त्या पेटीत. खरं सांगायचं तर तिचा मला उपयोगही होता. चेअरमनसाहेबांचा इंटरकॉम आला, "सेक्रेटरी, थकबाकीची यादी झाली का?" की मी सांगायचो, "कॉम्प्युटर सुरू होतोय." बायको म्हणाली, "अहो, जरा कोथिंबीर आणता का?" की तेच. खोटं एकदाही बोललो नाही. तो खरोखरच सुरू होत असे.

पण ऑगस्टमध्ये एक्सेलची फाइल उघडायला चार मिनिटं लागली, मध्येच सगळं हँग झालं आणि तीन विंगांचा मेंटेनन्स गेला. तेव्हा मी मनावर घेतलं.

कॉम्प्युटर हळू चालतो, हे दुखणं पाठदुखीसारखं आहे. कोणालाही सांगा, त्याच्याकडे औषध तयार असतं. चेअरमनसाहेबांनी विचारलं, "रिफ्रेश मारता का?" मारतो की! उजवं बटण, रिफ्रेश, उजवं बटण, रिफ्रेश, सुरुवातीला दहा वेळा. भाच्याने नंतर सांगितलं की त्याने वेगाला काडीचा फरक पडत नाही, पडद्यावरची चित्रं फक्त पुन्हा काढली जातात. आपल्याकडे मात्र गाडी सुरू करताना स्टिअरिंगला हात लावून नमस्कार करतात तसं ते करतात. मी अजूनही करतो.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचं औषध म्हणजे डीफ्रॅग. हार्ड डिस्कवर फाइलीचे तुकडे इकडेतिकडे विखुरलेले असतात, ते उचलून एकाजागी लावायचे. काकांना जुन्या विंडोजमधले ते रंगीत चौकोन सरकताना बघायला आवडायचं, नोकरीत असताना दुपार सुखात जायची म्हणे. मी रात्री लावून झोपलो. दोन वाजता पाणी प्यायला उठलो तेव्हा ११ टक्के झालं होतं. विंडोज १० हे काम दर आठवड्याला स्वतःच करत असतं, हे काकांना सांगायचा धीर मला झाला नाही.

ऑफिसातल्या एका मित्राने झाडलोट करणारा एक फुकट प्रोग्रॅम दिला. त्याने पाच मिनिटांत माझ्या कॉम्प्युटरमधल्या १८७४ चुका शोधून काढल्या. बत्तीस वर्षांच्या नोकरीत साहेबांनाही इतक्या सापडल्या नव्हत्या. दुरुस्तीचे पैसे मागितले, तेव्हा मी तो काढून टाकला. तो गेला, पण जाताना स्वतःच्या ओळखीचा एक अँटिव्हायरस ठेवून गेला. आमचा एक आधीच होता. एका गेटवर दोन वॉचमन बसले की दोघेही दूधवाल्याला थांबवतात, मग एकमेकांना थांबवतात, आणि दूध नऊला येतं. तसंच झालं. साडेअकरा मिनिटांची चौदा मिनिटं झाली.

मग मी सल्ले बंद केले आणि टास्क मॅनेजर उघडून स्टार्टअपची यादी बघितली. कॉम्प्युटर चालू होताच आपोआप उठून बसणारे एकोणीस जण निघाले. २०१९ला मेलेल्या स्कॅनरचा प्रोग्रॅम रोज पहाटे उठून स्कॅनरची वाट बघत होता. आम्ही भंगारात दिलेल्या इंटरनेटच्या डोंगलचा त्याच्या शेजारी. मुलीच्या कॉलेजातल्या गप्पांचा तिसरा. न येणाऱ्या पाहुण्यांची पानं आम्ही रोज मांडत होतो. पंधरा बंद केले, दुसऱ्या वॉचमनला घरी पाठवलं. वेळ १० मिनिटं ५ सेकंद.

"सव्वा मिनिटासाठी दोन रविवार गेले," बायको म्हणाली. "आणि माळा तसाच राहिलाय."

सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली होती म्हणून तीही आवरायला घेतली. 'वार्षिक सभा अंतिम', 'वार्षिक सभा अंतिम २', 'वार्षिक सभा अगदी अंतिम' आणि 'वार्षिक सभा हीच बघा' अशा चार फाइली होत्या, त्यांत खरी कोणती हे मला आजही माहीत नाही. मुलीचे प्रोजेक्ट. कुठल्याशा कृतीने केलेल्या आणि तेलात विरघळून गेलेल्या अनारशांचे फोटो. भाच्याच्या लग्नासाठी गोळा केलेले सदतीस मुलींचे बायोडाटा. भाच्याला आता दोन मुलं आहेत. बायको शेजारी खुर्ची ओढून बसली आणि एकेक बायोडाटा उघडून "ही किती छान होती" असं सुरू झालं, त्यात दुपार गेली. डिलीट काहीच झालं नाही.

आणखी एक दुखणं होतं, ते सांगायला हवं. बायको रात्री बोर्डावरचं बटण बंद करते. सकाळी कॉम्प्युटरची समजूत अशी होई की आज १ जानेवारी २०११ आहे. त्यामुळे बँकेची साइट उघडेना. बँकेच्या साइटला ओळखपत्र असतं, त्यावर कधीपासून कधीपर्यंत ते छापलेलं असतं, आणि २०११ साली बसलेल्या माणसाला ते पुढच्या जन्मातलं वाटणार. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा एक सेल असतो, सीआर २०३२, तो वीज गेल्यावर तारीख सांभाळतो. तो संपला होता. "त्याचं बरं आहे," बायको म्हणाली, "रोज सकाळी चौदा वर्षांनी लहान होतो."

सेल बदलायला भाचा आला आणि त्याने कॅबिनेटची बाजू उघडली.

आमच्या घरी खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते. शिवणयंत्र, मिक्सर, स्कूटर आणि कॉम्प्युटर. हळद, कुंकू, अक्षता, झेंडूचं फूल, पुढे पेढा. तेरा वर्षं आम्ही हे मनोभावे कॅबिनेटच्या माथ्यावर वाहत आलो, आणि त्या माथ्याला हवा खेळण्यासाठी जाळी आहे. आत तेरा वर्षांची पूजा जशीच्या तशी होती. वाळक्या पाकळ्या, अक्षता, प्रोसेसरच्या पंख्यावर धुळीत कालवलेलं हळदकुंकू, आणि तळाशी मुंग्यांची एक वसाहत, बहुधा पेढ्याच्या निमित्ताने आलेली आणि उबेमुळे राहिलेली. "मामा," भाचा म्हणाला, "हे सर्व्हिसिंगचं काम नाही, निर्माल्य कलशाचं आहे."

त्याने ब्रशने झाडलं. प्रोसेसर फार तापला की जळू नये म्हणून स्वतःच आपला वेग कमी करतो, असं तो सांगत होता. पंखा उचलून खालचा, उष्णता वाहून नेणारा पण वाळून खडू झालेला लेप पुसला आणि तुरीच्या दाण्याएवढा नवा लावला. पंख्याची घरघर थांबली, इतकी की बंद पडला की काय म्हणून बायको बघून गेली. तारीखही राहू लागली. वेळ ९ मिनिटं ४० सेकंद.

"आता रॅम," भाचा म्हणाला.

रॅम म्हणजे काय हे मी बायकोला समजावून सांगितलं. रॅम म्हणजे ओटा, हार्ड डिस्क म्हणजे माळा. सामान माळ्यावर राहतं, पण चिरायचं ते ओट्यावर. ओटा भरला की कॉम्प्युटर अर्धा चिरलेला कांदा माळ्यावर नेऊन ठेवतो आणि लागला की स्टूल लावून परत काढतो. आपला ओटा दोन जीबीचा आहे. हे तिला लगेच पटलं, कारण आमचा खरा ओटाही तेवढाच आहे.

शनिवारी जुनी रॅम तिच्या बांगड्यांच्या डबीत घालून मी मुंबईतल्या कॉम्प्युटरच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडला गेलो. डोंबिवलीहून दादर, तिथून ग्रँट रोड. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलेलं आहे, पण त्या नावाने विचारलं तर टॅक्सीवालाही विचारात पडतो. डबी उघडताच दुकानदाराने रॅमची पिढी ओळखली, "डीडीआर ३. नवी कशाला घेता, सेकंडहँड घ्या." पुढच्या पिढीच्या डीडीआर ४ची खाच वेगळ्या जागी असते, ती बसतच नाही, म्हणून वस्तू सोबत आणली हे बरं केलंत, असंही म्हणाला. तेरा वर्षांत कॉम्प्युटरच्या बाबतीत माझं केलेलं हे पहिलं कौतुक. ४ जीबीची पट्टी घेऊन मी जवळजवळ शीळ घालत घरी आलो.

बसवली. २ आणि ४ मिळून ६. कॉम्प्युटरनेही कबूल केलं: ६ जीबी. आणि पुढे कंसात: वापरण्याजोगी ३.२४.

उरलेली कुठे गेली? मी पट्टी काढून, पुसून, पुन्हा बसवली. तेवढीच. शेवटी भाच्याने फोनवर विचारलं, "मामा, विंडोज बत्तीस बिटचं आहे का?" होतं. दुकानातल्या पोराने २०१२ साली टाकलेलं, आणि फुकटचं विंडोज १०ही त्याच वळणावर गेलेलं. बत्तीस बिटांत पत्ते लिहायचे तर दोनचा बत्तिसावा घात, म्हणजे ४ अब्ज २९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ घरांपलीकडे नंबरच देता येत नाहीत. म्हणजे चार जीबी. त्यातले काही नंबर ग्राफिक्स वगैरे मंडळी आधीच अडवून बसतात. पुढच्या खोल्या बांधलेल्या आहेत, पण त्यांना पत्ता नाही. सेक्रेटरी म्हणून मला हे चटकन कळलं. आमच्या गच्चीवरच्या खोलीचं हेच आहे.

बायकोने सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे ओटा वाढवलात, पण आपला हात तिथवर पोचत नाही," असं म्हणून ती भाजी निवडू लागली.

रविवारी भाचा पुन्हा आला. टास्क मॅनेजर उघडून त्याने एका रकान्यावर बोट ठेवलं. डिस्क: १०० टक्के. मी काहीही करत नव्हतो, माउससुद्धा धरला नव्हता, तरी १००. "मामा, हे पहिल्या दिवशी बघायला हवं होतं." आमची हार्ड डिस्क म्हणजे मिनिटाला ७२०० फेरे घेणारी तबकडी आणि तिच्यावर इकडून तिकडे धावणारी एक सुई. प्रत्येक तुकड्यासाठी सुईने जागेवर जायचं, तबकडी फिरून यायची वाट बघायची, मग वाचायचं. विखुरलेले तुकडे असे सेकंदाला शंभरही होत नाहीत, आणि कॉम्प्युटर सुरू होताना हजारो लागतात. तो जो कर्र-कर्र आवाज मी इतकी वर्षं काम चाललंय म्हणून कौतुकाने ऐकत होतो, तो त्या सुईच्या धावपळीचा होता. तिच्या जागी एसएसडी बसवायची, म्हणजे सगळं चिपांवर साठवणारी डिस्क. तिच्यात तबकडीही नाही आणि सुईही नाही.

सोळाशे रुपये. डीफ्रॅगची रात्र, १८७४ चुका, बायोडाटांची दुपार, लॅमिंग्टन रोडची वारी, आणि औषध सोळाशे रुपयांचं. कॅबिनेटमध्ये एवढ्याशा डबीला जागाच नव्हती, म्हणून भाच्याने ती दोन्हीकडून चिकटणाऱ्या टेपने भिंतीला चिकटवली. त्यावर चौसष्ट बिटचं विंडोज नव्याने टाकलं. सहाच्या सहा जीबी हाताला आले.

मध्ये एकदा पोटात गोळा आला. सोसायटीची जुनी इतिवृत्तं उघडली तर सगळीकडे इंग्रजी अक्षरं, टिंबं आणि डॉलरची चिन्हं. ती युनिकोड, म्हणजे मराठी अक्षराला स्वतःचा नंबर देणारी पद्धत, घरोघरी पोचण्याआधीच्या मराठी फाँटमध्ये टाइप केलेली. त्या फाँटांत आतून इंग्रजी अक्षरच असतं, वर फक्त 'क'चा मुखवटा. मुखवटा जुन्या विंडोजबरोबर गेला होता. जुन्या डिस्कवरून फाँट शोधून टाकला तेव्हा सभासदांचे ठराव परत मराठीत आले. पार्किंगचा वाद तेवढा गेला असता तर चाललं असतं.

दुसऱ्या दिवशी सातला बटण दाबलं आणि सवयीने टॉवेल घेतला. बाथरूमच्या दारापर्यंत पोचतो तोच मागून टुंग असा आवाज आला. पासवर्ड मागत होता. बावीस सेकंद. मी टॉवेल खांद्यावर टाकून तसाच खुर्चीत बसलो. इतक्या सकाळी कॉम्प्युटरशी काय बोलायचं ते सुचेना.

बायकोने हे सगळं बघितलं. "झाला का सुरू? मग अंघोळीआधी तेवढी कोथिंबीर आणा," म्हणाली. कोथिंबीर घेऊन येतो तर लिफ्टपाशी चेअरमनसाहेब. भाच्याने त्यांना खाली भेटून बातमी दिलेली होती.

"अभिनंदन, सेक्रेटरी! आता पळतो म्हणे. मग आज संध्याकाळपर्यंत पाच वर्षांच्या थकबाकीची यादी द्या, छापील, प्रत्येक विंगची वेगळी."

मी घरी आलो, कोथिंबीर ओट्यावर ठेवली आणि प्रिंटरचं टोपरं काढलं. बटण दाबलं. आत काहीतरी खडखडलं, एक नारिंगी दिवा लागला आणि मिचमिचू लागला.

मी चेअरमनसाहेबांना इंटरकॉम केला.