‘आधी एखाद्याचा पगार देऊन दाखवा’ म्हणणाऱ्या ठाणेकरांस

झीस्केलर या सायबर सुरक्षा कंपनीचे संस्थापक जय चौधरी यांच्यावर मी लिहिलेल्या लेखाखाली ‘एक ठाणेकर’ या टोपणनावाने प्रतिक्रिया आली आहे. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी त्यांचं म्हणणं थोडक्यात सांगतो. चौधरींचं पहिलं यश डॉट-कॉमच्या लाटेतलं होतं. पहिल्या कंपनीत घरची पाच लाख डॉलर बचत लावू शकणाऱ्याची गोष्ट वागळे इस्टेटमधल्या पोरांना काय कामाची? धंद्यात बुडालेल्यांबद्दल लेखात चकार शब्द नाही. नेटवर्कच्या सुरक्षेला दिलेली वॉचमनची उपमा बाळबोध आहे. आणि शेवटी जाता जाता एक टोला: ‘असे धडे वाटणाऱ्यांनी आधी एखाद्याचा पगार देऊन दाखवावा.’

वॉचमनची उपमा घासून गुळगुळीत झालेली आहे, हे मान्य. ती काढून टाकली.

आता पगाराचं. साहेब, मतभेदाला माझी कधीच ना नव्हती. पण समोरचा कोण, काय करून बसलाय, याची चौकशी न करता एकदम खिशाला हात घालायचा, ही कुठली पद्धत? हेच वाक्य तुम्ही समोर बसून, चहा पिताना म्हणाला असतात का? टोपणनावाआडून माणसं शूर होतात. असो.

विचारलंच आहे तर ऐका. वागळे इस्टेटमध्ये माझा गाळा आहे. फायरवॉलचे बॉक्स, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कच्या दारात बसून येणारं-जाणारं तपासणारी यंत्रं, विकायचे, बसवायचे, लायसन्सचं रिन्यूअल करायचं आणि एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) सांभाळायची, हा धंदा मी वर्षानुवर्षं करतोय. गिऱ्हाइकं बहुतेक ठाणे-बेलापूर रोडवरची: रबाळे, महापे, तुर्भे. बिल फाडलं की वीस तारखेला जीएसटी माझ्या खिशातून जातो. गिऱ्हाइकाचे पैसे नव्वद दिवसांनी येतात, तेही तीनदा फोन केल्यावर, टीडीएस कापून. पगार मात्र सात तारखेला. घोडबंदरच्या राहत्या फ्लॅटवर ओडी (बँकेचा ओव्हरड्राफ्ट) काढून मी पगार दिलेत, आणि त्यातला एकही उशिरा झालेला नाही. तेव्हा हा प्रश्न तुम्ही चुकीच्या दारात येऊन विचारलात.

आणि मुळात मी तो लेख लिहिला तोच या धंद्यामुळे. तुम्ही तो ‘गरीब मुलगा मोठा झाला’ अशा चष्म्यातून वाचलात, त्याला माझा इलाज नाही. हिमाचलमधलं पानोह गाव, वीज नसलेलं घर, मग आयटी-बीएचयू, सिनसिनाटी हे सगळं लेखात एका परिच्छेदात आहे. बाकीचा लेख बॉक्सबद्दल होता. सायफरट्रस्ट ही चौधरींची २००० मधली कंपनी, २००६ मध्ये विकली गेली. तिचा माल म्हणजे ईमेलच्या दारात बसवायचा बॉक्सच होता. अशा बॉक्सवर पैसा कमावलेला माणूस २००७ मध्ये झीस्केलर काढतो आणि म्हणतो, बॉक्सचे दिवस संपत आलेत. अ‍ॅप्लिकेशन्स, मेल, फायली ऑफिसबाहेर, इंटरनेटवरच्या सर्व्हरवर (क्लाउडवर) चालल्यात, तर पहाराही तिकडेच गेला पाहिजे. आपल्याच मालावर असं उलटायला काय लागतं, हे मला विचारा. मी बॉक्स विकतो. त्या काळात कोणी मला ‘क्लाउडमधली सुरक्षा’ म्हटलं असतं तर मी त्याला गाळ्याबाहेर काढलं असतं.

मार्च २०२० ने माझं तोंड बंद केलं. लॉकडाउन लागला, महापेतल्या एका गिऱ्हाइकाचा सगळा स्टाफ डोंबिवली-कल्याणला घरी बसला. व्हीपीएनची (घरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरायच्या सुरक्षित वाटेची) लायसन्स मोजकी आणि लीज लाइन, म्हणजे ऑफिसची भाड्याची इंटरनेट लाइन, बेताची. मेल आणि फायली तोवर क्लाउडवर गेलेल्या होत्या, तरी ‘सुरक्षित’ म्हणून डोंबिवलीतला माणूस आधी महापेच्या बॉक्समध्ये शिरायचा, तिथून त्याच लाइनने बाहेर इंटरनेटवर, आणि उत्तरही त्याच वळशाने. सगळे एकदम जोडले गेले की लाइन बसायची. बॉक्स मोठा घ्या म्हणावं, तर तो आणणार कोण? आणि आणला तरी लाइन तेवढीच. त्या दिवसांत मला २००७ चा तो हिशेब कळला. तुमच्यासाठी ते लेखातलं एक वाक्य असेल.

त्याच्या आधी, जून २०१७. नॉटपेट्या हा संगणक बंद पाडणारा व्हायरस युक्रेनमधल्या एका कर-हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटला आणि मर्स्क या जहाज कंपनीच्या नेटवर्कमधून आपल्या जेएनपीटी बंदरातल्या त्यांच्या टर्मिनलपर्यंत पोचला. काम ठप्प झालं. आत शिरलेला एकदा ‘आपला’ ठरला की त्याला पुढे कोणी अडवत नाही, ही ती गोष्ट. ‘झीरो ट्रस्ट’, म्हणजे आत आलेल्यावरही तपासल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही, हा शब्द ऐकून तुम्ही ‘मार्केटिंगवाल्यांची भाषा’ असं लिहिलंत. उरणच्या रस्त्यावर खोळंबलेल्या ट्रकवाल्यांना जाऊन विचारा.

डॉट-कॉमच्या लाटेचं म्हणाल, तर चौधरींची पहिली कंपनी सिक्युअरआयटी १९९८ मध्ये व्हेरिसाइनने घेतली, हे खरं. पण सायफरट्रस्ट विकली तेव्हा लाट कधीच ओसरली होती, आणि त्यांची आणखी एक कंपनी, एअरडिफेन्स, मोटोरोलाने घेतली २००८ मध्ये. ते साल मंदीचं होतं हे तुम्हाला आठवत असेल.

पाच लाख डॉलर. ती दोघा नवरा-बायकोची आयुष्यभराची बचत होती, व्हीसींनी (नव्या कंपन्यांत पैसा लावणाऱ्या गुंतवणूकदारांनी) नकार दिल्यावर सिक्युअरआयटीत लावलेली, आणि नोकऱ्या दोघांनीही सोडल्या. जमीन विकून धंदा टाकणारे आपल्याकडे कमी आहेत का? रकमेवर अडून बसायचं असेल तर बसा.

राहिले बुडालेले. ते माझ्या लेखाचा विषय नव्हते. प्रत्येक लेखात सगळं यावं अशी अपेक्षा असेल तर वृत्तपत्रांच्या पुरवण्या वाचाव्यात. तुम्हाला या विषयाचा इतका कळवळा आहे, तर तुम्हीच लिहा, मी इथे छापतो. फक्त खाली स्वतःचं नाव घाला.