जन्मतारखेला टाइमझोन नसतो हो!

परत सगळ्या जन्मतारखा एक दिवस मागे! पेन्शनच्या ॲप्लिकेशनमधे अर्ध्या लोकांचा जन्म १ जूनचा, कारण आपल्याकडे त्या पिढीला गुरुजींनी शाळेत नाव घालताना सरसकट तीच तारीख लावलीय, आणि आता स्क्रीनवर सगळे ३१ मे. महिनाच बदलला राव!

आणि कारण काय, तर जीडब्ल्यूटी आरपीसीतून (जावात लिहिलेल्या वेबॲपमधे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यात डेटा नेणारी सोय) जावाचा जुना तारखेचा ऑब्जेक्ट, जावा.युटिल.डेट, पाठवलाय. अरे त्या ऑब्जेक्टमधे तारीख नसतेच, १ जानेवारी १९७० पासूनचे मिलिसेकंद असतात, यूटीसीतले (जागतिक प्रमाणवेळ, आपली घड्याळं तिच्या साडेपाच तास पुढे), बास. हिंजवडीत बसलेल्या माणसाने ब्राउझरमधे १ जून निवडला की रात्री बाराचा टाइम धरला जातो, तो आकडा वायरवरून जातो, आणि क्लाउडवरचा सर्व्हर यूटीसीत, त्याच्यासाठी तेव्हा ३१ मेचे संध्याकाळचे साडेसहा, मग डेटाबेसच्या डेट कॉलममधे ३१ मे बसतो आणि वेळ उडून जाते. आधी सर्व्हर ऑफिसातच होता, दोन्हीकडे आयएसटी, म्हणजे भारतीय वेळ, म्हणून इतकी वर्षं कोणाला कळलंच नाही.

यावर सीनियर साहेबांचा तोडगा: साडेपाच तास ॲड कर, मुख्य कोडमधे मर्ज कर, तक्रार क्लोज कर. डोकं फिरतं अशाने! युद्धाच्या काळात, १९४२ च्या सप्टेंबरपासून १९४५ च्या ऑक्टोबरपर्यंत, भारताची घड्याळं यूटीसीच्या साडेसहा तास पुढे होती आणि टाइमझोन डेटाबेसमधे, म्हणजे कुठे कधी घड्याळं बदलली याची कॉम्प्युटर वापरतात त्या यादीत, ते नोंदवलेलंय. म्हणजे १ जून १९४३ ला जन्मलेल्या आजोबांना साडेपाच तास ॲड केले तरी ते ३१ मेच्या रात्री अकरालाच अडकतात. आणि पेन्शनमधे याच वयाची माणसं आहेत, दुसरी कोण असणार!

लोकलडेट, म्हणजे वेळ आणि झोन नसलेली नुसती तारीख, जावा ८ मधे आला, २०१४ साली. ब्राउझरमधल्या जीडब्ल्यूटी क्लायंटला तो झेपत नाही, मान्य, पण मग साधी स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, पाठवा ना, वर्ष-महिना-दिवस, जशी आहे तशी पोचते, कुठलाही झोन तिला हात लावत नाही. तर म्हणे "स्ट्रिंग टाइप-सेफ नाही", म्हणजे तिच्यात काहीही भरलं तरी कंपायलर पकडत नाही. आणि हा डेट फार सेफ, ज्यात महिना शून्यापासून आणि वर्ष १९०० वजा करून, ज्याच्या निम्म्या मेथड १९९७ पासून डेप्रिकेटेड, म्हणजे 'वापरू नका' असा शिक्का मारलेल्या, आहेत!

कोड बदलेल एका दुपारीत. पण सर्व्हर हलवल्यापासून जे भरलं गेलंय त्याचं काय? आता टेबलात जे ३१ मे दिसतायत त्यातले खरे कुठले आणि घसरलेले कुठले हे कुठलीच क्वेरी सांगू शकत नाही. एकेकाचा शाळा सोडल्याचा दाखला काढून ताडून बघावा लागणार, आणि तो पण त्या म्हाताऱ्या माणसांनाच परत आणायला सांगणार आहेत!