हाताची हद्द

फोंड्यात पिंपळाच्या पारावर आम्ही संध्याकाळी जमतो, तिथे परवा ‘हँड’ या एका शब्दावरून मोठा वाद झाला. आमच्यातल्या एकाचा मुलगा फुटबॉल खेळताना पडला आणि त्याचे मनगटाच्या वरचे हाड मोडले. बापाने ‘हात मोडला’ हे मनात धरून विम्याच्या अर्जात ‘हँड’ लिहिले, डॉक्टरांच्या कागदावर ‘फोरआर्म’, म्हणजे कोपर ते मनगट हा भाग, होते, आणि दोहोंचा मेळ बसत नाही म्हणून अर्ज परत आला.

मराठीच ढोबळ आहे, खांद्यापासून बोटांपर्यंत सगळा हातच, असे आमच्यातले इंग्रजीचे शिक्षक म्हणाले. मला ते पटले नाही. इंग्रजी हँड मनगटापासून पुढचा, २७ हाडांचा, हे खरे. पण दंड, कोपर, मनगट, तळहात हे आपले शब्द काय कमी नेमके आहेत? तिकडे ‘आर्म’ तरी कुठे स्थिर आहे? रोजच्या बोलण्यात तो मनगटापर्यंत येतो आणि शरीरशास्त्रात कोपरालाच थांबतो.

आमच्या शिंपी मित्राने तर पुरावाच ठेवला. ‘अर्ध्या हाताचा सदरा’ म्हणताना हात खांद्यापासून धरतात आणि हातमोजा मनगटाशी संपतो, तरी इतक्या वर्षांत एकाही गिऱ्हाइकाशी त्याचा यावरून घोटाळा झालेला नाही. मापाचे पाहा. विहिरीचा दोर आपण हातांनी मोजतो तो हात कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, म्हणजे सुमारे दीड फूट. इंग्रजीत घोड्याची उंची मोजतात तो हँड मात्र ४ इंचांचा. त्यामुळे पंधरा हँड उंचीचा, म्हणजे पाच फुटी घोडा भाषांतरात ‘पंधरा हात उंच’ झाला, तर तो दुमजली घराएवढा होतो! अशी भाषांतरे वाचली की मला खरोखर वाईट वाटते, कारण चूक शब्दकोशातला पहिला अर्थ उचलणाऱ्याची असते आणि बोल मराठीला लागतो.

१९६१च्या आधी पोर्तुगीज शाळेत शिकलेले आमचे वडीलधारे स्नेही तोवर ऐकत होते. पोर्तुगीजमध्येही ‘मांव’ म्हणजे हँड आणि ‘ब्रासु’ म्हणजे आर्म हे वेगळे, घरी कोंकणीत मात्र दोन्हींना ‘हात’च, तरी आमचा गोंधळ झाला नाही, कारण मास्तर आधी अंगावर बोट ठेवून दाखवत आणि मग शब्द सांगत, असे ते म्हणाले. मग त्यांनी मुलाला जवळ बोलावून नेमके कुठे मोडले ते विचारले. त्याने प्लास्टरवर, मनगटाच्या दोन बोटे वर, डाव्या हाताचे बोट टेकवले, आणि बापाने खिशातला अर्ज काढून ‘हँड’वर काट मारली.