जुन्या पंख्यावरचा आकडा आणि आजचं इंजिन: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं आधी थोडक्यात सांगतो. तुमची १८ फुटी फायबर बोट तापोळ्याला शिवसागरात, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयात, चालते, मागे ४० एचपीचं जुनं टू-स्ट्रोक इंजिन आहे. जुन्या पंख्याचं, म्हणजे पाण्यात फिरून बोट ढकलणाऱ्या प्रोपेलरचं, पातं तुटलं. त्यावर १३ पिच (एका फेऱ्यात पंखा पाण्यात स्क्रूसारखा किती इंच पुढे सरकायला हवा ते माप) कोरलेलं होतं, म्हणून तुम्ही १३ चाच नवीन आणला. माझ्या लेखात मी लिहिलं होतं की जुना आकडा तसाच उचलू नका, गरज पडली तर दोन इंच खाली या. तुमचं म्हणणं असं की कंपनीने बसवलेला आकडा बदलायला सांगणं म्हणजे लोकांचा वेगही घालवणं आणि पेट्रोलही. शेवटी तुम्ही हेही लिहिलंत की सहा माणसं घेऊन फुल थ्रॉटलला ४३०० आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) मिळतात आणि इंजिनाच्या पुस्तिकेत ४५०० ते ५५०० दिलेत.

हे शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. तुमचं इंजिन भरल्या बोटीत पुस्तिकेतल्या खालच्या हद्दीपर्यंतही पोचत नाही. पंखा त्याला जड होतोय. पिच जास्त, तर प्रत्येक फेऱ्याला ओढ जास्त. चढावर चौथ्या गिअरमध्ये गाडी दामटल्यासारखं ते होतं.

आणि तो १३ कंपनीचाच होता हे कशावरून? जुनी बोट दोन-तीन मालकांच्या हातून आलेली असते. मधल्या कुणीतरी मिळेल तो पंखा लावलेला असतो, किंवा वाकलेली पाती हातोडीने सरळ केलेली असतात. अशा पंख्यावर १३ कोरलेलं असलं तरी पात्यांचा पिच १३ उरलेला नसतो, कधी तर तीन पात्यांचे तीन पिच असतात. दोन कंपन्यांचे १३ सुद्धा सारखे चालत नाहीत. पात्याची रुंदी आणि मागच्या कडेचा वळ वेगळा असतो. समजा, तो खरोखर मूळचा होता. तरी तो नव्या इंजिनासाठी आणि नव्या, हलक्या बोटीसाठी होता. फायबरवर पॅचवर पॅच चढतात, तळातल्या फोममध्ये पाणी मुरतं, बोट दरवर्षी थोडी जड होत जाते.

तुमच्याकडे आणखी एक गोष्ट आहे जी आम्हा किनाऱ्यावरच्यांना नाही. शिवसागर भरलेला असतो तेव्हा पाणी समुद्रसपाटीपासून जवळजवळ ६५९ मीटरवर असतं, म्हणजे दोन हजार फुटांच्या वर. हवा विरळ होते तशी इंजिनाची ताकद दर हजार फुटांमागे साधारण तीन टक्के घटते. मालवणात ४० देणारं इंजिन तुमच्याकडे साडेसदतीसच्या आसपास देणार, तेही नवं असेल तर. तापोळ्याची बोट आणि देवबागची माझी बोट अगदी सारखी असली तरी पंखा सारखा लागणार नाही.

आता माझी चूक. तुमच्या प्रतिक्रियेमुळे मी तो लेख पुन्हा वाचला. त्यात मी थेट पंख्यावर गेलो, इंजिन आधी तपासा हे लिहिलंच नाही. पिच एक इंच कमी केला की आरपीएम साधारण १५० ते २०० वाढतात. दोन इंचांनी तुम्ही ४६०० ते ४७०० वर याल. नेहमीच्या वजनात इंजिन पुस्तिकेतल्या ४५०० ते ५५०० च्या वरच्या अर्ध्या भागात, ५००० च्या पुढे, फिरायला हवं. ४७०० ते ५००० मधला खड्डा पंख्याने भरायचा नसतो. त्यासाठी आणखी दोन इंच खाली गेलात तर इंजिनाचा आजार फक्त झाकला जाईल. आधी थ्रॉटलची केबल शेवटपर्यंत उघडते का ते बघा, मग प्लग, कार्बोरेटर आणि कम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब). आणि मीटर खरं सांगतो का तेही. जुन्या बोटीतल्या आरपीएम मीटरवर मी विश्वास ठेवत नाही. प्लगच्या वायरला तार गुंडाळून चालणारा छोटा डिजिटल मीटर मिळतो, तो टू-स्ट्रोकच्या सेटिंगवर ठेवून एकदा पडताळा.

वेगाचा तुमचा मुद्दा मी उडवून लावत नाही. गिअर २:१ धरला, म्हणजे इंजिनाच्या दोन फेऱ्यांना पंख्याचा एक, तर ४३०० ला पंखा मिनिटाला २१५० फेरे घेतो. १३ इंचांच्या हिशेबाने ताशी ४२.६ किलोमीटर होतात. ११ च्या पंख्याने ४७०० मिळाले तर ३९.४. कागदावर तीन किलोमीटर गेले, खरं आहे. पण बोट कागदावर चालत नाही, पंखा पाण्यात घसरतोच. बोट नाक वर करून पाणी नांगरत चालली असेल तर ही घसरण फार वाढते आणि पेट्रोलही तिथेच जळतं. फोनच्या जीपीएसवर सहा माणसांनिशी खरा वेग मोजा आणि ४२.६ शी ताडून बघा. त्यापेक्षा वीस टक्क्यांहूनही जास्त कमी आला, तर १३ चा पिच तुम्हाला वेग देतच नाहीये.

मी यावर एवढा अडून का बसतो ते सांगतो. माझ्या पहिल्या बोटीला मीही जड पंखा लावून दोन सीझन पर्यटक फिरवले. एकटा असताना ती सुसाट जायची, म्हणून मला वाटायचं पंखा उत्तम. भरल्या बोटीत फुल थ्रॉटल देऊनही फेरे वाढत नव्हते. मला ते नुसतं मंद वाटायचं, आत सिलिंडर तापत होता. कर्ली नदीच्या मुखाशी, ओहोटीच्या ओढीत, आठ पर्यटक बसलेले असताना पिस्टन धरला, म्हणजे तापून सिलिंडरमध्ये अडकला. दुसऱ्या बोटीने दोर टाकून ओढून आणलं म्हणून निभावलं. त्या बोटीत एक लहान मूल होतं. त्या दिवसापासून मी भरल्या बोटीत आरपीएम बघितल्याशिवाय कुणालाही पंख्याचा आकडा सांगत नाही.

स्टीलचा पंखा कायमचा घ्यावा का, असंही तुम्ही विचारलंत. तुमच्या जागी मी नाही घेणार. स्टीलचं पातं पातळ असतं, सहजासहजी वाकत नाही, समुद्रात खोल पाण्यावर वेगाने जाणाऱ्याला ते छान. उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की खडक वर येतात. ॲल्युमिनियमचं पातं धडकेला वाकतं किंवा तुटतं आणि तेवढ्यावर भागतं. स्टील सहजासहजी वाकत नाही, तो धक्का आतल्या गिअरकडे जाऊ शकतो. ॲल्युमिनियमचाच घ्या आणि एक जादा बोटीत ठेवा.

कधी कधी इंजिन ओरडतं पण बोट पुढे जात नाही, असं तुम्ही जाता जाता लिहिलंय. वळणावर होत असेल तर पंख्यात हवा शिरते. इंजिन एक भोक वर चढवलेलं आहे का बघा. सरळ जाताना, थ्रॉटल वाढवताच होत असेल, तर पंख्याच्या आतला रबरी बुश सुटलाय. आतल्या बुशपासून बाहेरच्या नळीपर्यंत रंगाची एक सरळ रेघ मारा आणि एक फेरी मारून या. रेघ तुटली असेल तर बुश फिरतोय, मग पंखा नवा असला तरी दुकानदाराकडून बदलून घ्या.

पंखा बदलण्याआधी मला एवढं कळवा: प्रत्येक सिलिंडरचं कम्प्रेशन, सहा माणसांनिशी फुल थ्रॉटलचा आरपीएम आणि जीपीएसचा वेग. सिलिंडरांमध्ये दहा टक्क्यांहून जास्त फरक निघाला तर पंख्यावर एक रुपयाही घालू नका, आधी इंजिन उघडा. फरक नसेल तर कुणाकडून तरी ११ चा दोन दिवसांसाठी मागून आणून लावून बघा. आपल्या इंजिनाच्या शाफ्टचे दाते मोजून त्याच मापाचा आणा, शाफ्टला ग्रीस लावा, जुना वॉशर पंख्याआधी परत बसवा आणि नटाची पिन मात्र नवीनच घाला.