‘स्पष्टवक्ता’ यांच्या कमेंटला उत्तर (जरा लांबलंय)

स्पष्टवक्ता, तुमची कमेंट तीनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की युक्रेनच्या युद्धातल्या खारकीव्ह शहरावरच्या पोस्टमध्ये मी तिथे शिकायला गेलेल्या भाच्याच्या एमबीबीएसचं रडगाणं लावलं, तिकडच्या पोरांना दोन ओळीत गुंडाळलं, तिकडच्या सैन्यभरतीचं वय चुकवलं, आणि वर ‘एसीत बसून युद्धावर लिहायला काय जातंय’.

चूक आधी मान्य करतो. सक्तीच्या भरतीचं किमान वय २५ हे सुरुवातीपासून नव्हतं, २७ होतं, एप्रिल २०२४ मध्ये खाली आणलं. पोस्टमध्ये बदललंय. झालं समाधान?

आता एसी. आमच्याकडे एसी नाही, ते असो. पण ७१च्या डिसेंबरात मी चौथीत होतो, डोंबिवलीच्या चाळीत खिडक्यांना काळे कागद चिकटवलेले, भोंगा वाजला की आई दिवा मालवून आम्हा भावंडांना कॉटखाली ढकलायची. तुमचा तेव्हा जन्म तरी झाला होता का? आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये भाचा खारकीव्हच्या मेट्रो स्टेशनात जमिनीवर झोपत होता, इकडे बहीण चार्जरला लावलेला फोन हातात धरून भिंतीला टेकून बसलेली, १ मार्चला बातमी आली की तिथे एक भारतीय विद्यार्थी गोळाबारात गेला, मुलगा कर्नाटकचा आहे हे कळेपर्यंत आमच्या घरात कोणी कोणाशी बोललं नाही, आणि कळल्यावर आम्हाला हायसं वाटलं, त्याची लाज अजून वाटते. भाचा परत आला तर ॲनाटॉमी लॅपटॉपवर, आणि इथल्या कॉलेजात सामावून घेता येणार नाही असं केंद्राने सुप्रीम कोर्टात सांगितलेलं. याला रडगाणं म्हणायचं तर खुशाल म्हणा, पण ‘एसीत बसून’ ही कुठली भाषा हो? समोरासमोर असं बोलला असतात का?

राहिल्या दोन ओळी. त्याच मेट्रोत सप्टेंबर २०२३ पासून शाळा भरते हे त्यात होतं. अठरा पूर्ण झाले की मुलाला युद्धामुळे देशाची सीमा ओलांडता येत नव्हती म्हणून कितीतरी आईबाप सतराव्या वर्षीच पोराला एकट्याला बाहेर धाडत होते, तेही होतं (२०२५च्या ऑगस्टात २२ पर्यंतच्यांना सूट मिळाली). नीट वाचलं असतंत तर दिसलं असतं. ओळी मोजत बसायला मी काय पेपर तपासायला दिलाय?

बाकीच्या मुद्द्यांना उत्तर देण्यासारखं काही नाही. आणि भाच्याच्या तिकडच्या लॅब पार्टनरवर पुढची पोस्ट लिहायला घेतलीच होती, तुमची कमेंट यायच्या आधीपासून.