फीत कापणारा बरा

घरच्या ग्रुपवर मामेभावाने परवा पुन्हा लिहिलं, "आपला मुंबईचा महापौर फीत कापण्यापुरता, सत्ता सगळी आयुक्ताकडे. तुमच्या शिकागोसारखा थेट निवडलेला, दमदार महापौर हवा." खाली अकरा अंगठे.

अरे, दमदार महापौर शिकागोत मी भोगलाय. रिचर्ड एम. डेली, 1989 ते 2011. त्याआधी वडील रिचर्ड जे. डेली, 1955 पासून 1976 मध्ये मरेपर्यंत. आणि घराणेशाही म्हणे फक्त आपल्याकडे!

दम असा की 2003 च्या मार्चमध्ये एका रात्री या गृहस्थाने मेग्ज फील्ड विमानतळावर बुलडोझर घातले. सकाळी बघावं तर धावपट्टीवर मोठमोठ्या फुल्या खणलेल्या, विमानं तिथेच अडकलेली. (आता तिथे बाग आहे. मी फिरायला जातो, ते सोडा.) 2008 मध्ये तर शहराचे सुमारे 36,000 पार्किंग मीटर 75 वर्षांसाठी खासगी कंपनीला दिले, 1.15 अब्ज डॉलरला. नगरसेवकांनी काही दिवसांतच 40 विरुद्ध 5 मतांनी मंजूरही केलं. डेली पायउतार होईपर्यंत बहुतेक पैसा खर्चून झाला होता. आता जत्रेसाठी रस्ता बंद केला तरी भरपाई शहरानेच भरायची. फीत कापणाऱ्याने एवढं नुकसान केलं असतं का?

"मग मिलेनियम पार्क कुणी बांधलं?" मामेभाऊ. डेलीनेच, चार वर्षं उशिरा. तिथल्या 'बीन' या चकचकीत शिल्पासमोर मामेभावाचा फोटो मीच काढलाय.

मग मी हुकमी पान टाकलं. 1979 मध्ये बर्फ वेळेवर हटला नाही म्हणून शिकागोचे महापौर बिलँडिक प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, जेन बर्नकडून हरले. मुंबईत खड्ड्यांवरून कुणी पडलंय?

"पाडायला असायला तर हवा कुणी," तो म्हणाला. "2022 च्या मार्चपासून जवळजवळ चार वर्षं इथे प्रशासकच होता. नगरसेवकही नाही, महापौरही नाही."

यावर मला काही सुचलं नाही. तेवढ्यात त्याने विचारलं, "तू डेलीला मत दिलं होतंस का?"

दिलं नव्हतं. विरोधातही दिलं नव्हतं. ग्रीन कार्डावर मत नसतं, आणि दादरच्या यादीतून नाव कधीच उडालंय. अमेरिकी नागरिकत्वाचा अर्ज, एन-400, भरून खणात ठेवलाय, त्यालाही सहा वर्षं झाली. आईला अजून सांगितलेलं नाही. मामेभावाला काय सांगणार? "बर्फ पडतोय, गाडी काढायचीय," एवढं टाकलं आणि बर्फ उपसून मोकळी केलेली पार्किंगची जागा धरायला खुर्ची घेऊन खाली उतरलो.