रंग उडाला, पेपर छापला

पाणी शुद्ध करणारा नॅनो-फोटोकॅटॅलिस्ट, म्हणजे उजेडात पाण्यातली घाण तोडणाऱ्या अतिसूक्ष्म कणांची पावडर, बनवायचाय? मग आधी पाण्याचा विचार सोडा. पाण्यात मिथिलीन ब्लूसारखा निळा रंग घाला, दिव्याखाली तो उडाला की पेपर छापा.

कुठल्याही झाडाचा पाला उकळा, अर्क झिंक नायट्रेटमध्ये ओता, भट्टीत भाजा. झालं 'हरित संश्लेषण'! भट्टीची वीज कोण मोजतंय?

दिव्यापुढे 400 नॅनोमीटरखालचा अतिनील प्रकाश अडवणारा फिल्टर मुळीच लावू नका. शीर्षकातलं 'दृश्य प्रकाशात' खोडावं लागेल.

पी25 या बाजारात मिळणाऱ्या प्रमाण टायटॅनियम डायऑक्साइड पावडरीशी तुलना? हरलात तर?

पाणी डिस्टिल्डच घ्या. खऱ्या सांडपाण्यात मीठ, सोडा, साबण असला फापटपसारा असतो.

आणि कण टाकले रे टाकले की दिवा लावा. आधी अर्धा तास अंधारात ढवळून रंग नुसताच किती चिकटतो ते बघायचं असतं म्हणे, पण एवढा वेळ आहे कुणाकडे? मागच्या महिन्यात एका पेपरातली '98 टक्के विघटन'वाली पावडर मी कृतीबरहुकूम बनवली. दिवा लावण्याआधीच पाणी नितळ! सगळा मिथिलीन ब्लू पावडरवर जाऊन बसलेला, पावडर निळीशार. आणि का नाही बसणार? लिटरमध्ये रंग 10 मिलिग्रॅम, पावडर 1 ग्रॅम. शंभर पट! एवढा सक्रिय कोळसा टाकला असता तरी हेच झालं असतं, तेही अंधारात, फुकट. 'मागितल्यास विदा (डेटा) देऊ' असं छापणाऱ्या लेखकांना मेल केला. अजून वाट बघतोय.

बरं, उजेडात तरी काय सिद्ध होतं? हा रंग स्वतःच 664 नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतो, पावडर नसली तरी थोडाफार उडतो. त्याचं क्षपण (रिडक्शन) झालं, म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन मिळाले, तर रंगहीन होतो आणि हवा लागली की परत निळा! पण यांच्या आलेखातलं 664चं शोषणाचं शिखर खाली आलं ना, मग झालं.

अहो, रंग जाणं म्हणजे रेणू जाणं नव्हे! अ‍ॅझो रंगातला दोन नायट्रोजन अणूंमधला बंध तुटला की पाणी स्वच्छ दिसतं, पण त्यात अ‍ॅरोमॅटिक अमाइन उरू शकतात, त्यांतली काही कर्करोग करणारी. टीओसी, म्हणजे पाण्यातला एकूण सेंद्रिय कार्बन, मोजा, कार्बन किती उरला ते छापा. तुलनेसाठी पावडरसकट अंधारात एक बीकर ठेवा, पावडरीशिवाय उजेडात एक. एवढंही जमत नसेल तर प्रस्तावनेत नदीप्रदूषणाचे गळे काढू नका.